मुंबई प्रांताचे प्रीमियर (१९३७–१९५०): हे पद नेमकं काय होतं आणि कोकणाच्या नोंदींत त्याचा माग कसा काढायचा?

जगबुडी

नमस्कार मंडळी. खेडमधल्या एका वाचनालयासाठी ‘मुंबई सरकार आणि कोकण’ या विषयावर फलक करायचे आहेत. मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आहे. १९६० नंतरचं सगळं सरळ आहे. गाडं अडलंय ते १९३७ ते १९५० या काळातल्या प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुख, या पदावर. जुन्या कात्रणांत बाळासाहेब खेरांना कुठे ‘मुंबईचे पंतप्रधान’, कुठे ‘मुख्य प्रधान’, तर कुठे चक्क ‘मुख्यमंत्री’ म्हटलंय. एका यादीत पहिलं नाव खेरांचं, दुसरीत धनजीशा कूपर यांचं. १९३९ ते १९४६ या काळात कोण होतं हे तर कुठेच धड दिलेलं नाही.

हे पद कशाच्या आधारावर सुरू झालं, त्या माणसाच्या हातात खरोखर काय होतं आणि आजच्या मुख्यमंत्र्यापेक्षा ते कुठे वेगळं होतं, एवढं आधी समजून घ्यायचंय. शिवाय कोकणाशी थेट जोडलेल्या गोष्टी आहेतच: सावरकरांची रत्नागिरीतली स्थानबद्धता, खोती (गावाचा सारा खोतामार्फत वसूल करायची पद्धत), चरीचा शेतकऱ्यांचा संप, सावंतवाडी आणि जंजिरा संस्थानं. यांत या पदाचा वाटा किती? फलकावर एकदा चुकीचं गेलं की शाळेतली मुलं वर्षानुवर्षं तेच उतरवून घेतात, म्हणून आधीच विचारतोय.

दप्तरखाना

प्रश्न चांगला आहे. आधी पाया स्पष्ट करू.

हे पद १ एप्रिल १९३७ ला अस्तित्वात आलं. १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा प्रांतांबद्दलचा भाग त्या दिवशी लागू झाला. त्याआधी, १९२१ पासून, मुंबईत द्विदल पद्धत होती. गृह, अर्थ, महसूल ही खाती ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, आरोग्य अशी खाती ‘सोपीव’, म्हणजे निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. त्या व्यवस्थेत मंत्री होते, पण मंत्र्यांचा प्रमुख नव्हता. त्यामुळे १९३७ पूर्वीच्या कुणालाही ‘मुंबईचे पहिले मुख्यमंत्री’ म्हणणारी यादी दिसली तर ती बाजूला ठेवा.

आता खरी मेख. १९३५ च्या कायद्यात प्रांताच्या प्रीमियरचं पद शब्दाने कुठेच नाही. कलम ५० म्हणतं की गव्हर्नरला मदत आणि सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. कलम ५१ म्हणतं की मंत्र्यांची निवड गव्हर्नर करेल आणि त्याची मर्जी असेपर्यंत ते पदावर राहतील. ‘विधिमंडळात स्थिर बहुमत राखू शकेल अशा व्यक्तीशी सल्लामसलत करून मंत्री नेमावेत आणि मंत्र्यांत सामुदायिक जबाबदारीची भावना वाढवावी’ एवढा आशय गव्हर्नरला दिलेल्या सूचनापत्रात होता. ते सूचनापत्र कोर्टात लागू करता येत नसे. म्हणजे प्रीमियरपद बहुमत आणि प्रथा या दोनच खांबांवर उभं होतं. आजचं मुख्यमंत्रिपद राज्यघटनेच्या कलम १६३ आणि १६४ मध्ये नावानिशी आहे. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच, आणि फलकावर तो पहिल्या ओळीत यायला हवा.

अधिकारांचं म्हणाल तर गव्हर्नरकडे तीन थर होते. काही बाबतींत तो स्वतःच्या मर्जीने वागे, मंत्र्यांना विचारायचीही गरज नसे. काही बाबतींत सल्ला घ्यायचा पण निर्णय स्वतःचा. उरलेल्या सगळ्यात मंत्र्यांचा सल्ला मानायचा. कलम ५२ मध्ये त्याच्या ‘खास जबाबदाऱ्या’ मोजून दिल्या होत्या: शांततेला गंभीर धोका टाळणं, अल्पसंख्याकांचे हितसंबंध, सरकारी नोकरांचे हक्क, व्यापारातला भेदभाव रोखणं, अंशतः वगळलेले (मुख्यतः आदिवासी) प्रदेश, आणि संस्थानिकांचे हक्क व प्रतिष्ठा. पोलिसांसंबंधीच्या नियमांत बदल करायचा तर कलम ५६ आडवं येई. गुप्त माहिती कुणी पुरवली त्या माणसाचं नाव मंत्र्यालाही कळू नये अशी तरतूद कलम ५८ मध्ये होती. मंत्रिमंडळाच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसायचा अधिकारसुद्धा गव्हर्नरला कलम ५० नेच दिलेला होता. गृहखातं मंत्र्याकडे आलं खरं, पण त्यातली दोन-तीन कपाटं कुलूपबंदच राहिली.

आता माणसं.

धनजीशा कूपर, १ एप्रिल १९३७ ते १९ जुलै १९३७. सातारचे पारशी उद्योजक. १९३७ च्या निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष ठरली, पण निम्म्याला थोडी कमी पडली. गव्हर्नर आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाही अशी हमी मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, अशी काँग्रेसची भूमिका होती. म्हणून गव्हर्नरांनी कूपर यांना बोलावलं. त्यांच्यासोबत जमनादास मेहता, सिद्धप्पा कांबळी वगैरे होते. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांचं निवेदन आलं, जुलैच्या सुरुवातीला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्ता घ्यायला परवानगी दिली आणि कूपर मंत्रिमंडळ पायउतार झालं. विधानसभेत मतदानाला सामोरं जायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. पण नेमणूक कायदेशीर होती, म्हणून पहिलं नाव कूपर यांचंच. खेरांपासून सुरू होणाऱ्या याद्या ‘पहिलं निर्वाचित बहुमताचं मंत्रिमंडळ’ या अर्थाने बरोबर आहेत, पदाच्या इतिहासाच्या दृष्टीने अपुऱ्या.

बाळ गंगाधर खेर, १९ जुलै १९३७ ते नोव्हेंबर १९३९ ची सुरुवात. त्यांचं मंत्रिमंडळ सात जणांचं होतं. शिक्षण खातं खेरांनी स्वतःकडे ठेवलं. कन्हैयालाल मुन्शी गृह, अण्णासाहेब लठ्ठे अर्थ, मोरारजी देसाई महसूल, डॉ. गिल्डर आरोग्य आणि अबकारी, नुरी सार्वजनिक बांधकाम, ल. मा. पाटील स्थानिक स्वराज्य. नेतेपदासाठी मुंबईतले काँग्रेस पुढारी के. एफ. नरिमन यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्यांना डावललं गेलं यावरून मोठा वाद झाला आणि पुढे गांधीजी व कायदेपंडित बहादुरजी यांनी चौकशी केली. कराची ठरावाप्रमाणे काँग्रेस मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपये पगार घेतला, घर आणि गाडीचा भत्ता वेगळा.

नोव्हेंबर १९३९ ते १९४६: प्रीमियर कुणीच नाही. भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि कलम ९३ खाली गव्हर्नरने सगळा कारभार स्वतःकडे घेऊन सल्लागारांच्या मदतीने चालवला. आधी सर रॉजर लम्ली, १९४३ पासून सर जॉन कोल्व्हिल. यादीत या जागी रिकामी ओळ ठेवून ‘कलम ९३, गव्हर्नरची राजवट’ असं लिहा. खेरांचा कालखंड १९३७ ते १९५२ असा सलग लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

१९४६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा खेर. या वेळी मोरारजींकडे गृह आणि महसूल, वैकुंठभाई मेहतांकडे अर्थ, गुलझारीलाल नंदांकडे कामगार. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली तसं खेरांचं पद मुख्यमंत्रिपद झालं. एप्रिल १९५२ मध्ये मोरारजी आले.

अष्टागर

दप्तरखान्यांनी चौकट दिली, मी कोकणाच्या बाजूने भर घालतो.

सावरकर: जानेवारी १९२४ पासून ते रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, मुदत वाढत गेली. बिनशर्त सुटका झाली १० मे १९३७ ला. ही तारीख कूपर मंत्रिमंडळाच्या काळात पडते. जमनादास मेहतांनी मंत्रिमंडळात यायचं तर सावरकरांची सुटका झाली पाहिजे असा आग्रह धरला होता. कूपर यांचे साडेतीन महिने ‘तात्पुरते’ म्हणून गाळले की ही सुटका आपोआप खेरांच्या नावावर जाते. अशा ओळी बऱ्याच ठिकाणी छापलेल्या आहेत. तुमच्या फलकावर ती चूक नको.

खोती: इथे तीन टप्पे वेगळे ठेवावे लागतात.

पहिला टप्पा विधेयकाचा. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी पुण्याच्या अधिवेशनात खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. खोताला भरपाई द्यायची, आणि कूळ व सरकार यांच्यामधली खोताची पायरी काढून जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करायचं, असा त्याचा गाभा. विधेयक खासगी सदस्याचं होतं. सरकारी पक्षाने वेळ आणि मतं दिल्याशिवाय असं विधेयक पुढे सरकत नाही, आणि ते सरकलं नाही. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या आणि इतर भागांतल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, तेव्हा मागण्या खेरांसमोर मांडल्या गेल्या. खेर स्वतः रत्नागिरीत जन्मलेले, तरी त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने खोतीला हात घातला नाही. हे फलकावर स्पष्ट लिहावं असं माझं ठाम मत आहे, खेरांबद्दल आदर ठेवूनच.

दुसरा टप्पा कुळकायद्याचा, १९३९. खोती तशीच ठेवून कुळाला काही संरक्षण देणारा कायदा. चरीचा संप (अलिबागजवळ, १९३३ ते १९३९, पुढारी नारायण नागू पाटील) याच काळात मिटला. तिथे बोलणी करायला गेले ते महसूलमंत्री मोरारजी देसाई. प्रीमियर सगळ्या खात्यांचा मालक नव्हता. खातं ज्याचं त्याने निस्तरायचं, आणि वाद टोकाला गेला तर पक्षश्रेष्ठींकडे जायचं, अशी रीत होती.

तिसरा टप्पा खोतीच्या अंताचा. कायद्याचं नाव ‘मुंबई खोती नाहीशी करण्याचा कायदा, १९४९’, पण क्रमांक १९५० चा ६. विधेयक एका वर्षातलं, संमती दुसऱ्या वर्षातली. अंमल १५ मे १९५० पासून. म्हणजे विधेयक आलं तेव्हा खेर प्रीमियर होते आणि कायदा लागू झाला तेव्हा तेच मुख्यमंत्री. फलकावर एकच वर्ष द्यायचं असेल तर कशाचं वर्ष ते शेजारी लिहा, नाहीतर कुणीतरी येऊन ‘चूक आहे’ म्हणणारच.

संस्थानं: सावंतवाडी आणि जंजिरा मुंबई प्रांतात नव्हती. तिथे प्रीमियरचा हुकूम चालत नसे. उलट संस्थानिकांचे हक्क सांभाळणं ही गव्हर्नरची खास जबाबदारी होती, म्हणजे तिथल्या प्रजा चळवळीला मुंबईच्या मंत्र्याने उघड पाठिंबा द्यायचा म्हटलं तरी कलम ५२ समोर उभं. १९४८ च्या विलीनीकरणात सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात आली, जंजिरा कुलाब्यात (आजचा रायगड). त्यामुळे १९३८ सालचा मुंबईचा एखादा कायदा ‘रत्नागिरी जिल्ह्याला लागू’ असं वाचलं तर त्यात सावंतवाडी धरू नका, आणि ‘कुलाबा जिल्ह्याला लागू’ म्हणजे मुरुड-श्रीवर्धन नव्हे. खोतीचंच बघा: जंजिऱ्याच्या भागासाठी १९५३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, जंजिरा आणि भोर या विलीन प्रदेशांतली खोती रद्द करणारा. तोपर्यंत मोरारजी मुख्यमंत्री झाले होते. एकाच किनाऱ्यावर दोन तालुक्यांत खोती काही वर्षांच्या अंतराने गेली ती यामुळे.

उत्तरेला आणखी एक अपवाद आहे. ठाणे जिल्ह्यातले डहाणू, शहापूर, मोखाडा, उंबरगाव हे भाग ‘अंशतः वगळलेले’ होते. विधिमंडळाने कायदा केला तरी कलम ९२ प्रमाणे गव्हर्नरने जाहीर अधिसूचना काढल्याशिवाय तो तिथे लागू होत नसे. डहाणूच्या कुळांबद्दल लिहिताना कायद्याची तारीख पुरत नाही, अधिसूचनेची तारीख शोधावी लागते.

किनाऱ्यावर दारूबंदीही विसरू नका. १ ऑगस्ट १९३९ ला ती मुंबई शहरात आली, डॉ. गिल्डर यांच्या खात्यामार्फत. १९४९ चा दारूबंदी कायदा खेरांच्या दुसऱ्या कारकिर्दीतला. माडीवर जगणाऱ्या भंडारी कुटुंबांना त्याचा थेट फटका बसला. रत्नागिरी-मालवण पट्ट्यासाठी प्रीमियरपदाचा हा सगळ्यात घरापर्यंत पोचलेला निर्णय म्हणता येईल.

जगबुडी

दोघांचेही मनापासून आभार. फलकाचा आराखडाच बदलावा लागणार आहे.

दोन शंका उरल्या. प्रीमियरला एखादा मंत्री नकोसा झाला तर तो त्याला काढू शकत होता का? आणि १९५० च्या जानेवारीत खेरांची नव्याने नेमणूक झाली, की नुसती पाटी बदलली? शिवाय मूळ कागद पाहायचे तर कुठून सुरुवात करू?

मांडवी

मंत्री काढण्याचं. कायद्याप्रमाणे मंत्री गव्हर्नरच्या मर्जीने पदावर, आणि नेमणूक-बडतर्फी ही त्याच्या स्वेच्छाधिकारातली बाब. प्रीमियरला तसा अधिकार दिलेला नव्हता. याची कसोटी शेजारच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात लागली. जुलै १९३८ मध्ये तिथले प्रीमियर डॉ. ना. भा. खरे यांनी सहकाऱ्यांकडे राजीनामे मागितले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी पक्षाच्या आदेशाशिवाय राजीनामा द्यायला नकार दिला. खऱ्यांनी स्वतःचा राजीनामा दिला, गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केलं, आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवायला पुन्हा बोलावलं. कायद्याने सगळं चोख होतं. पण काँग्रेस श्रेष्ठींनी गव्हर्नरच्या हाताने सहकाऱ्यांना काढणं मान्य केलं नाही. खऱ्यांना काही दिवसांत पद सोडावं लागलं आणि शुक्ल प्रीमियर झाले. या प्रकरणातून पदाची खरी घडण कळते: कागदावर प्रीमियर गव्हर्नरकडे बघायचा, प्रत्यक्षात पक्षाकडे. नरिमन प्रकरणात मुंबईत निवडीच्या वेळी जे दिसलं, तेच नागपुरात बडतर्फीच्या वेळी दिसलं.

जाता जाता, खेर आणि खरे यांची गल्लत करू नका. दोघेही १९३७-३८ मध्ये एकाच वेळी प्रीमियर, दोघेही मराठी, आणि हातकंपोजच्या जुन्या छपाईत मात्रा उडाली की ‘खेर’ चं ‘खर’ होतं. कात्रणात नागपूर, वऱ्हाड, शुक्ल यांपैकी काहीही दिसलं तर तो माणूस खरे.

१९५० चा बदल. नुसती पाटी नाही, पण नवी निवडणूकही नाही. घटनेच्या संक्रमणकाळाच्या तरतुदींत कलम ३८४ होतं: राज्यपाल नवे मंत्री नेमेपर्यंत प्रांताचे आधीचे मंत्री राज्याचे मंत्री म्हणून काम चालू ठेवतील. कलम ३८२ ने जुन्या विधिमंडळालाही तसंच चालू ठेवलं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत ही कलमं काम संपलं म्हणून काढून टाकली, त्यामुळे आजच्या प्रतीत ती सापडत नाहीत आणि लोक गोंधळतात. जुनी प्रत बघा.

पण माझ्या मते पद बदललं ते १५ ऑगस्ट १९४७ ला, १९५० ला नव्हे. त्या दिवशी लागू झालेल्या हंगामी घटना आदेशाने १९३५ च्या कायद्यातले गव्हर्नरचे स्वेच्छाधिकार आणि खास जबाबदाऱ्या काढून टाकल्या, कलम ९३ ही गेलं. कोल्व्हिल जानेवारी १९४८ पर्यंत गव्हर्नर राहिले, पण हाती पूर्वीचं शस्त्र नव्हतं. म्हणजे १९३७ चे प्रीमियर खेर आणि १९४८ चे प्रीमियर खेर, नाव तेच, वजन अगदी वेगळं. खोती रद्द करणं १९३८ मध्ये जड का गेलं आणि १९४९ मध्ये का जमलं, याची काही कारणं इथेही आहेत. सगळी नाहीत. पक्षाची इच्छाही तोवर बदलली होती.

मुख्यमंत्री हे नाव देशभर एकदम आलं असंही नाही. जम्मू-काश्मीरमध्ये ‘प्रधानमंत्री’ १९६५ पर्यंत होते. गुलाम मोहम्मद सादिक तिथले शेवटचे प्रधानमंत्री आणि पहिले मुख्यमंत्री. मुंबईत खेरांचं जे झालं तेच तिथे पंधरा वर्षांनी.

दप्तरखाना

कागदांचं मी सांगतो, कारण इथे बहुतेकांची पहिली फेरी फुकट जाते.

लोक प्रीमियरच्या सहीचा हुकूम शोधत बसतात. तो मिळत नाही, कारण तसा तो निघतच नसे. कलम ५९ प्रमाणे प्रत्येक सरकारी कृती गव्हर्नरच्या नावाने व्हायची. ठरावाखाली ‘मुंबईच्या गव्हर्नरांच्या हुकुमावरून’ आणि खाली सचिवाची सही. प्रीमियरचं किंवा मंत्र्याचं मत असतं ते फायलीच्या टिपणीच्या बाजूला, लहान सहीने. म्हणून गॅझेट वाचून निर्णय कुणाचा ते कळत नाही, फक्त निर्णय कधी झाला ते कळतं.

क्रम असा ठेवा. आधी मुंबई सरकारचं गॅझेट आणि कायद्यांचे वार्षिक खंड, त्यातून तारीख आणि क्रमांक काढा. मग त्या तारखेच्या आसपासची विधानसभेची छापील चर्चा. प्रश्नोत्तरांचा भाग आधी वाचा, कारण जिल्ह्याची आकडेवारी तिथे असते, भाषणांत नाही. त्यानंतर मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख आहे, तिथे फायली. फाईल खात्यानुसार, वर्षानुसार आणि क्रमांकानुसार लावलेली असते. खोतीसाठी महसूल खातं, स्थानबद्धतेसाठी गृह खातं. ‘खेर’ म्हणून मागितलंत तर काही येणार नाही, खातं आणि वर्ष सांगावं लागतं. जाताना ओळखपत्र आणि वाचनालयाच्या शिक्क्याचं विनंतीपत्र घेऊन जा. स्थानिक बाजूसाठी रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ पासूनचं. जुने अंक पाहता येतील का ते आधी फोन करून विचारा.

कागदाची तारीख फाटलेली असेल तर मथळ्यावरून काळ बांधता येतो. ‘प्रॉव्हिन्स ऑफ बॉम्बे’ असेल तर १९३७ ते जानेवारी १९५०. ‘स्टेट ऑफ बॉम्बे’ असेल तर त्यानंतरचा. कायद्यावर ‘गव्हर्नरचा कायदा’ अशी खूण असेल तर तो कलम ९३ च्या काळातला, म्हणजे त्यामागे कुणीही मंत्री नव्हता. असे कायदे कलम ९३ ची उद्घोषणा संपल्यावर दोन वर्षांत आपोआप संपायचे, विधिमंडळाने पुन्हा केले तरच टिकायचे. म्हणून १९४७-४८ मध्ये एकाच विषयाचे कायदे दुसऱ्यांदा दिसतात. ते नवे नसतात, जुन्याला मुदतवाढ असते.

मराठी वर्तमानपत्रातल्या पदनामावर मात्र काळ ठरवू नका. ‘मुख्य प्रधान’ हे मोरारजींनाही लावलेलं सापडतं.

आणि ‘सचिवालय’ वाचलं की आजचं मंत्रालय डोळ्यांपुढे आणू नका. ती इमारत १९५५ ची. प्रीमियर बसायचे ते ओव्हल मैदानासमोरच्या जुन्या सेक्रेटरिएटमध्ये. १९३८ चा मोर्चा गेला तो कौन्सिल हॉल म्हणजे अपोलो बंदराजवळची, सध्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय असलेली वास्तू. आजच्या विधानभवनाचा फोटो त्या मोर्च्याखाली लावला तर चूक होईल.

जगबुडी

पहिल्या फलकाचा कच्चा मजकूर टाकतो, तपासून द्या:

‘मुंबई राज्याचे पहिले प्रीमियर धनजीशा कूपर (एप्रिल ते जुलै १९३७). त्यांच्या काळात १० मे १९३७ रोजी सावरकरांची रत्नागिरीतून सुटका झाली. त्यानंतर रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर १९३७ ते १९३९ आणि १९४६ ते १९५० प्रीमियर होते. २६ जानेवारी १९५० पासून ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९४९ साली संपूर्ण कोकणातली खोती रद्द झाली.’

अष्टागर

चार दुरुस्त्या.

‘मुंबई राज्याचे’ च्या जागी ‘मुंबई प्रांताचे’. १९३७ मध्ये राज्य नव्हतं.

‘महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री’ काढा, ‘मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री’ करा. त्या राज्यात गुजरातचा बराच भाग, धारवाड, विजापूर, बेळगाव आणि कारवारही होतं. महाराष्ट्राचे पहिले यशवंतराव चव्हाण, १ मे १९६०.

१९३९ आणि १९४६ च्या मधे एक वाक्य घाला: ‘नोव्हेंबर १९३९ पासून १९४६ पर्यंत हे पद रिकामं होतं, कारभार गव्हर्नरकडे होता.’ नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं मधे दुसरंच कुणी होतं.

खोतीचं वाक्य असं करा: ‘१९४९ च्या कायद्याने रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली खोती १५ मे १९५० पासून रद्द झाली, पूर्वीच्या जंजिरा संस्थानात १९५३ च्या कायद्याने.’ ‘संपूर्ण’ हा शब्द काढूनच टाका.

आणि एक सुचवणी. ‘कोकणाने दिलेले मुख्यमंत्री’ अशी यादी शेवटच्या फलकावर येणारच असेल. ती नेहमी १९८० च्या अंतुल्यांपासून सुरू होते, मग मनोहर जोशी, नारायण राणे. खेरांचं शिक्षण पुण्या-मुंबईत झालं, वकिली मुंबईत केली, म्हणून त्यांना वगळतात. २४ ऑगस्ट १८८८ चा जन्म रत्नागिरीचा आहे आणि पद तर त्यांनी दोन्ही रूपांत सांभाळलं. त्यांचं नाव यादीच्या वर, ‘मुंबई प्रांत व मुंबई राज्य’ अशा वेगळ्या मथळ्याखाली टाका, म्हणजे महाराष्ट्राच्या यादीशी सरमिसळ होणार नाही.

मांडवी

अष्टागरांना दुजोरा. फक्त ‘प्रीमियर’ पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘त्या काळचे मुख्य प्रधान’ एवढं लिहा, कारण तुमच्या वाचनालयातल्या जुन्या अंकांत मुलांना तोच शब्द भेटणार आहे. आणि कूपर यांच्या तारखेत ‘१९ जुलै’ पूर्ण लिहा. त्याच दिवशी खेर मंत्रिमंडळ आलं आणि पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या विधानसभेची पहिली बैठकही झाली.